टाक्याकाठचा पिंपळ खाली आणताना

सोमवार, २६ जानेवारी. हजर: मी, माझा नवरा, मोठ्या जाऊबाई म्हणजे आमच्या ताई, ताईंचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, आणि पुतण्याचा कंपनीतला दोस्त. गैरहजर: सासूबाई, गुडघ्यांमुळे. पोहे आणि थालीपिठं मात्र त्यांनी पहाटे उठून करून दिली होती. वनरक्षक बाई टेकडीच्या पायथ्याशी भेटणार होत्या.

काम एकच होतं. टेकडीवरच्या लेण्यांजवळचा पिंपळ मुळासकट काढायचा आणि खाली वनउद्यानात आणून लावायचा. जिवंत.

झाड ताईंचं. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, कोरोनाच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात गेले. आमच्याकडे रक्षा नदीत सोडत नाहीत. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदना घेतात त्या दिवशी खड्डा खणून त्यात रक्षा घालतात आणि वर झाड लावतात. बहुतेक वेळा पिंपळच, कारण तो बोधिवृक्ष. ज्यांची गावाकडे जमीन आहे ते बांधावर लावतात. आमची जमीन कधीच नव्हती. सासरे लातूरकडून पिंपरीला आले ते कारखान्यात लागायला, आणि आता निगडीत आमचं जे काही आहे ते तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे पिंपळ लावायचा तर बाथरूमच्या पाइपाशेजारीच, आणि तो न लावताही येतो.

म्हणून टेकडी. तळवड्याच्या पलीकडे आहे. खाली वनखात्याचं उद्यान: तिकीटखिडकी, झोके, घसरगुंडी, झाडांच्या नावांच्या पाट्या लावलेली पायवाट. ती वाट चढत गेली की वर कातळात कोरलेल्या दोन खोल्या, एक ओटा आणि पाण्याचं एक टाकं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू पावसाळ्यात तिथे राहायचे, असं पाटीवर लिहिलं आहे. मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. मला त्या खोल्यांपेक्षा टाक्याचंच कौतुक जास्त. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा म्हणजे स्टॉक सांभाळणंच की ते.

दादा दर रविवारी इथे फिरायला यायचे. पायथ्याशी तारेवर रिकामे कॅन टांगलेले असतात. चढणाऱ्याने एक भरून घ्यायचा आणि वाटेतल्या एखाद्या रोपाला ओतायचा, ही इथली पद्धत. दादा दोन न्यायचे. त्या वर्षी वनखात्याने लोकांना रोपं लावायला बोलावलं होतं, जागा ज्याची त्याने निवडायची. ताईंनी रक्षेसाठी टाक्याच्या काठाशी, कातळाच्या भेगेजवळची जागा निवडली. का, तर तिथलं गवत हिरवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यांत टेकडीवरची निम्मीशिम्मी रोपं जळाली. ताईंचा पिंपळ वाढतच राहिला. मनगटाहून जाड झाला, माणसाच्या डोक्यावर गेला. ताई दर रविवारी कॅन घेऊन चढायच्या आणि बुंध्याशी पाणी ओतायच्या. सगळे म्हणायचे, दादांचं लक्ष आहे. मीही म्हणायचे. गवत हिरवं का आहे, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

ते विचारलं वनरक्षक बाईंनी. दिवाळीतच टाक्याचं पाणी निम्म्यावर आलं, तेव्हा त्या आत उतरल्या. आतल्या भिंतीला मुळं लोंबत होती. पिंपळ वरून ओतलेल्या कॅनवर वाढत नव्हता, तो आतून टाकं पीत होता. आणि पिता पिता भेग रुंद करत होता. पाणी त्याच वाटेने डोंगरात मुरत होतं.

लेण्यांची देखभाल ज्यांच्याकडे आहे ते साहेब येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जानेवारीअखेर झाड तोडा. वनरक्षक बाईंनी विचारलं, तोडण्याऐवजी हलवलं तर? साहेब म्हणाले, हलवा, पण ३१ तारखेच्या आत, तुमच्या जबाबदारीवर. वर यंत्र न्यायचं नाही, टाक्याच्या दगडाला पहार लागता कामा नये, आणि खड्डा भरून जागा होती तशी करून द्यायची.

हे ताईंना मीच सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तोडू दे त्यांना. मी बघायला येत नसते."

"तोडणार नाही, ताई. आपण हलवायचं."

"झाड हाय ते. कपाट नव्हं हलवायला."

"कपाटासारखंच हलवायचं," मी म्हटलं आणि त्याच संध्याकाळी यादी करायला बसले.

देहू रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत जाऊन विचारलं. मालकाने नीट सांगितलं. दोन आठवडे आधी भोवती चर खणा, म्हणजे बारीक मुळं तुटून नवी फुटतील. फांद्या छाटा. काढताना मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधा. आणि जाड मूळ कापायचं तर करवतीने स्वच्छ कापा, ओढून फाडू नका. "पिंपळ चिवट असतो, बाई. कापलेलं सोसतो. फाटलेलं सडतं." चर मी आणि नवऱ्याने जानेवारीच्या पहिल्या दोन रविवारी खणून ठेवला, फांद्याही छाटल्या. बाकी उचलण्याचं काम पुतण्याचं. तो चाकणला अवजड मशिन्स उतरवायचं आणि बसवायचं काम करतो. त्याला मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "काकू, आम्ही प्रेस हलवतो राव. हे तर झाडच आहे." त्याला राव म्हणायची सवय आहे, समोर काकू असली तरी.

सव्वीसला सगळ्यांना सुट्टी. उजाडताना गेटवर पोहोचलो, तर वनरक्षक बाई खांबाला झेंडा बांधत होत्या. म्हणाल्या, "थांबा पाच मिनिटं. झेंडावंदन करून मंग चढू." फिरायला आलेले लोक थांबले. आम्हीही थांबलो: पुतण्याच्या खांद्यावर साखळीचा ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची कप्पी, दोस्ताकडे लोखंडी पाइप, नवऱ्याच्या हातात पहार आणि माझ्याकडे गोणपाटं. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर नवऱ्याला पहार कुठे ठेवावी कळेना. शेवटी त्याने ती भाल्यासारखी उभी धरली. ताईंच्या हातात पाण्याचा कॅन होता. नेहमीसारखा भरून घेतलेला.

झेंडावंदन झाल्यावर बाईंनी आमचं सामान तपासलं. ब्लॉकपाशी थांबल्या. "हे यंत्र न्हाई व्हय?"

"मॅडम, हाताने ओढायचा आहे," पुतण्या म्हणाला. "वीज नाही, डिझेल नाही."

"मंग आपण त्याला रहाट म्हनू," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

वर पोहोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. तिथून एका बाजूला तळवड्याच्या काचेच्या इमारती दिसतात, दुसरीकडे चाकणच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं, आणि मधून इंद्रायणीची वळणं. तीन पाइपांची तिपाई उभी करून तिला ब्लॉक टांगला. तिचे पाय कातळाला घासू नयेत म्हणून खाली गोणपाटं घातली. पट्टा बुंध्याला गुंडाळला. झाडाच्या फांद्या छाटलेल्या होत्या. मी सांगितल्यापासून ताई इथे आल्याच नव्हत्या, ते झाड तसं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग कॅन नेहमीच्या जागी, बुंध्याशी, रिकामा केला.

"मावशी, आता उपटायचंय, पाणी कशाला?" दोस्त म्हणाला. हा मुलगा बीडचा, मनाने चांगला, पण तोंडाला लगाम नाही.

"तू निघताना चहा पिलास न्हाई का?" ताई म्हणाल्या.

तीन बाजूंनी गड्डा सुटला. चौथ्या बाजूला, टाक्याकडे, कोपराएवढं जाड मूळ सरळ कातळाच्या भेगेत शिरलं होतं. तेच मुख्य. बाकीची सगळी मुळं म्हणजे नुसत्या मिशा. पुतण्या पालथा पडून बॅटरीने भेगेत बघत राहिला. मग उठून बसला.

"हे कापलं तर झाडाला खाली फारसं काही उरत नाही," तो म्हणाला. "ओढून काढायला पाहिजे."

"ओढून बघू की भावा," दोस्त म्हणाला. "एवढा ब्लॉक हाय. सरकन् बाहेर येतंय."

"आन् कातळाचा थर संगट आला तर?" वनरक्षक बाई म्हणाल्या. "न्हाई. ओढायचं न्हाई."

"थोडं ताणून बघतो, मॅडम. हलतंय का एवढंच."

"न्हाई म्हनले ना."

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "करवत." रोपवाटिकेवाल्याने हेच सांगितलं होतं. पण पुतण्या उठून उभा राहिला आणि त्याचा आवाज चढला. "काकू, तुम्हाला काय, यादीतलं एक काम झालं! इथं माझा बाप आहे."

नवरा म्हणाला, "वहिनींना विचारा."

ताई तिथे नव्हत्या. त्या टाक्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या. आम्ही सगळे काठाशी गेलो. टाक्याच्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेषा दिसत होत्या, एकीखाली एक, आणि पाणी त्या सगळ्यांच्या बरंच खाली होतं. भेगेतून आलेली मुळं केसांच्या झुबक्यासारखी लोंबत होती. काही पाण्याला टेकली होती, काही टेकायच्या बेतात.

ताईंनी वनरक्षक बाईंना विचारलं, "उन्हाळ्यात हितं कोण कोण येतंय पाणी प्यायला?"

"सगळीच. माकडं, मोर, मुंगसं. रातच्याला तरस बी येतंय. आमच्या वाडीच्या शेरड्या तर रोज. खाली दुसरं पानीच न्हाई."

"गेल्या उन्हाळ्यात?"

"चैत्रातच तळ दिसला. आमी टँकरनं आनून वतलं."

ताई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठतात तशा, हळू. पुतण्याजवळ जाऊन हात पुढे केला. "दे ती करवत."

"आई, मरेल ते."

"मरंल न्हाईतर जगंल. दुसऱ्याच्या रांजणात तोंड घालून न्हाई जगायचं."

त्या खाली बसल्या आणि स्वतः कापायला लागल्या. ओल्या मुळात करवत अडकते. नवरा पुढे झाला तर त्याला कोपराने बाजूला केलं. अर्ध्यावर थांबल्या, दम घेतला, आणि मुळाकडे बघून, म्हणजे दादांशीच, बोलल्या, "लई दिवस फुकटचं पिलाव. आता निघा बाहेर."

दोस्त हसला. मग ताईही हसल्या, म्हणून आम्ही सगळेच. पुतण्या हसला नाही. पण तो येऊन त्यांच्यासमोर बसला, करवतीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ते मूळ कापलं. काप स्वच्छ आला. मी त्यावर हळद आणि शेण लावलं. तेही रोपवाटिकेवाल्यानेच सांगितलं होतं.

साखळी ओढली तसा पिंपळ वर आला, कसलाही आवाज न करता. गड्डा गोणपाटात बांधला. खड्ड्यात माती उरली होती, ताई तीही गोणीत भरायला लागल्या.

"आई, खाली चांगली माती आहे," पुतण्या म्हणाला.

"ती येगळी."

खड्डा पार कातळापर्यंत खरवडून निघाला. चराची मातीही घेतली. तीन गोण्या भरल्या.

उतरणं अवघड होतं. दोन बांबूंमध्ये झाड आडवं बांधलं, पुढे पुतण्या आणि वनरक्षक बाई, मागे नवरा आणि दोस्त. फिरायला आलेल्या दोन गृहस्थांनी गोण्या घेतल्या. वाटेत शाळेची मुलं कागदी झेंडे घेऊन चढत होती, ती बाजूला सरून बघत उभी राहिली. पहिल्या वळणावर दोस्त मागून ओरडला, "भावा, खांदा बदल!"

आम्ही सगळे थांबलो. चार खांदे, दोन बांबू, मध्ये पांढऱ्या दोरीने बांधलेलं. आतापर्यंत ते कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, एवढंच.

ताई मागून पुढे आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "सरका, भावजी."

"वहिनी, वजन आहे."

"त्या दिवशी मला रिक्षात बसवून घरी पाठवलं व्हतं. बीपी वाढंल म्हणून. सरका."

नवरा सरकला. ताईंची उंची कमी, बांबू त्यांच्या खांद्याला नीट टेकतही नव्हता. मी त्यांचाच पदर दुमडून त्यांच्या खांद्यावर उशीसारखा ठेवला. पुतण्या पुढे होता, तो मागे वळून न बघता गुडघ्यात वाकून चालायला लागला, म्हणजे बांबू खाली येईल. तसाच वाकून तो पुढच्या वळणापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या भरून आल्या असणार.

खाली उद्यानाच्या कुंपणाजवळ, पायवाट जिथे चढाला लागते तिथे, वनरक्षक बाईंनी जागा दिली होती. खड्डा आदल्या दिवशीच तयार होता. आधी ताईंच्या तीन गोण्या आत गेल्या, मग झाड, मग कडेने थोडी तिथली माती. तीन बाजूंनी काठ्यांचा आधार दिला. ताईंनी वंदना म्हटली, आम्ही मागे म्हटली. दोस्ताला येत नव्हती, तो हात जोडून उभा राहिला. मग कॅनमधून पाणी घातलं. या वेळी ते पाणी झाडालाच लागणार होतं.

पोहे गार झाले होते. तसेच खाल्ले. वनरक्षक बाईंनी थालीपीठ घेतलं आणि म्हणाल्या, "आता हे वाटंवरच हाय. येनारा जानारा पानी घालील."

"येणारा जाणारा घालील," ताई म्हणाल्या, "पण मी येत जाईन."

निघताना मी यादी बघितली. सगळ्यांवर खुणा झाल्या होत्या, एक सोडून: वरचा खड्डा भरणे. वर माती उरलीच नव्हती. टाक्याकाठी उघडा कातळ, त्यात कापलेल्या मुळाचं तोंड, आणि भोवती मी बांधून आलेली दोरी, शेळी किंवा मूल पडू नये म्हणून. भेगेत चुना साहेबांची माणसं भरतील, पण खड्डा आमच्याकडे.

मी म्हटलं, चिखलीहून एक टेम्पो लाल माती मागवते. वनरक्षक बाई नको म्हणाल्या. बाहेरच्या मातीतून तणाचं बी येतं. टेकडीचीच माती हवी. मग सगळ्यांचंच लक्ष गेलं. नवा खड्डा खणताना उपसलेली माती कुंपणाशी ढीग करून ठेवली होती. टेकडीचीच. ती फक्त वर न्यायची.

आज बुधवार. पुतण्या सेकंड शिफ्टला आहे, नवऱ्याची पाठ धरली आहे, शनिवारी ३१ तारीख. झाडाचं अजून काही सांगता येत नाही. रोपवाटिकेवाला म्हणतो, नखाने साल खरवडून बघू नका, पालवीची वाट बघा. ताई सकाळी एकट्याच बसने जाऊन पाणी घालून आल्या. येताना फोन केला.

"दोन कॅनमध्ये भरून वर न्यावी म्हणलं, पर कॅनचं तोंड बारीक हाय. माती जात न्हाई. तू घमेली बघ."

घमेली चार लिहिली आहेत. शुक्रवारची रजा टाकली आहे. मातीचा ढीग अजून कुंपणाशीच आहे.